कॉस १२० पाशी अडलेल्यांसाठी

दहावीपर्यंत त्रिकोणमिती म्हणजे काटकोन त्रिकोण. लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कॉस, एवढ्यावर सगळी गणितं सुटायची. अकरावीला फळ्यावर कॉस १२० आलं आणि मी अडले. काटकोन त्रिकोणात १२० अंशांचा कोन बसणार कुठे? वर्गात अलाईड अँगल्सचा, म्हणजे ९० ± थीटा, १८० ± थीटा अशा कोनांच्या सूत्रांचा, तक्ता लिहून दिला आणि पाठ करा म्हणून सांगितलं. मी तो तीनदा पाठ केला, तिन्ही वेळा चिन्हं चुकली.

सुटलं ते आलेख कागदावर. दोन अक्ष काढले, ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं आणि ३० अंशांवर त्रिज्या ओढली. तिचं टोक मध्यापासून उजवीकडे ४.३ सेंमी आणि वर २.५ सेंमी भरलं. ५ ने भागलं तर ०.८६ आणि ०.५. उजवीकडचं अंतर म्हणजे कॉस, वरचं म्हणजे साइन. मग वर ट्रेसिंग पेपर ठेवून ती त्रिज्या उतरवली, मध्यावर कंपासचं टोक रोवलं आणि पेपर घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवला. जे उजवीकडे होतं ते वर गेलं, जे वर होतं ते डावीकडे. टोक आता डावीकडे २.५ सेंमी, म्हणून कॉस १२० = −०.५. कॉस(९० + थीटा) = −साइन थीटा हे सूत्र मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

हे एकदा हाताने कराच. पेपर अर्धा फिरवला की दोन्ही चिन्हं उलटतात, म्हणून कॉस(१८० + थीटा) = −कॉस थीटा. आडव्या अक्षावर घडी घातली तर कॉस तसाच राहतो, तो ऋण कोनाचा नियम. उभ्या अक्षावरची घडी म्हणजे १८० − थीटा.

९० − थीटाचा नियम तर नावातच आहे. कॉसचं संस्कृत नाव कोटिज्या, म्हणजे कोटिकोनाची (९० मधून उरलेल्या कोनाची) ज्या, आणि ज्या म्हणजे साइन! आर्यभटाने ४९९ साली ९० अंशांपर्यंतच्या २४ ज्यांपुरतीच सारणी दिली. पुढचे कोन याच सममितीतून मिळतात.

एक जागा सांभाळा. थीटा लघुकोनच असला पाहिजे असं नाही. थीटा १२० घेतला तर कॉस(१८० − १२०) म्हणजे कॉस ६०, धन १/२. आणि −कॉस १२० सुद्धा धन १/२. ‘१८० − थीटा दुसऱ्या चरणात (९० ते १८० अंशांच्या भागात), म्हणून उत्तर ऋण’ असं इथे लिहिलं की मार्क गेला. मोठा कोन आला तर आधी ३६० वजा करा: कॉस ५७० चा होतो कॉस २१०, म्हणजे १८० + ३०, उत्तर −√३/२.