घारगे बिघडतात ते वेलावरच

घारग्याचं पीठ सैल पडलं की आपण गुळाला नावं ठेवतो. गूळ पाणी सोडतो हे खरंच. पण बऱ्याचदा दोष असतो तो घाईने उतरवलेल्या कोवळ्या भोपळ्याचा. कुणी तांबडा भोपळा म्हणा, कुणी डांगर, कुणी काशीफळ. हे फळ पूर्ण मोठं झाल्यावरही त्यात गर आणि गोडी भरायला वेळ लागतो, आणि आपण नुसता आकार बघून विळा चालवतो.

फळ धरल्यापासून साधारण दीड-दोन महिने लागतात. देठ हिरवा, रसरशीत असेल तर थांबा. तो वाळून बुचासारखा खरखरीत झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की फळ तयार. उतरवताना दोन-तीन इंच देठ ठेवून कापा आणि त्या देठाला धरून भोपळा उचलू नका. देठ मोडला की तिथूनच कुज शिरते. मग आठ-दहा दिवस हवेशीर, कोरड्या जागी राहू द्या. पूर्वी माळ्यावर चुंबळीवर भोपळे ठेवायचे, कारण जमिनीला टेकलेली बाजू ओल धरते. असा ठेवलेला पक्का भोपळा तीन-चार महिने सहज टिकतो. माझा एक भोपळा मी ओल्या फरशीवर विसरले आणि पंधराव्या दिवशी त्याखालून पाणी वाहिलं.

पण आधी फळ धरायला तर हवं! ‘फुलं ढीगभर, भोपळा एकही नाही’ ही नेहमीची तक्रार. सुरुवातीला येतात ती बहुतेक नर फुलं. मादी फुलं नंतर, कधी आठ-दहा दिवसांनी. त्यामुळे पहिली फुलं गळली म्हणून हबकू नका. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीच असतो. तो पिवळा पडून सुकला तर परागीभवन झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत, मधमाशीच लागते. शहरातल्या गच्चीवर ती येईलच असं नाही. मग सकाळी लवकर उठायचं, ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. चहा-नाश्ता आटोपून दहाला गेलात तर फुलं मिटायला लागलेली असतात. कीटकनाशक मारायचंच असेल तर संध्याकाळी मारा, सकाळी मधमाशांच्या वेळी नको.

कोवळ्या फळावर डिंकासारखा थेंब दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. तो फळमाशीचा डंख. कापून बघा, आत अळ्या सापडतील. असं फळ खतखड्ड्यात वर टाकलं तर पुढची पिढी आपणच पोसतो. ते खोल पुरायचं. फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी चढवली तर माशी अंडी घालू शकत नाही. मोठ्या बागेत नर माश्यांना वासाने ओढणारे क्यू ल्यूरचे कामगंध सापळे लावतात.

नुसती पानं फोफावली आणि मादी फुलं दिसेनात, तर वेल माजलाय. युरिया थांबवा. पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. नाहीतर केवड्यासारख्या बुरशीजन्य रोगांचं फावतं.

आता स्वयंपाकघर. घारग्यांसाठी किसात पाण्याचा थेंबही घालू नका. दोन वाट्या किसाला वाटीभर गूळ, झाकण न ठेवता ओलसरपणा आटेपर्यंत शिजवा. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, चमचाभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घाला. पीठ मळून तासन्‌तास ठेवलंत तर ते पुन्हा सैल होणार आणि तुम्ही कणीक वाढवत बसणार. घारगे चिवट होतात ते तिथेच. तळताना आच मध्यम ठेवा. फार तापलेल्या तेलात गूळ बाहेरून काळा पडतो आणि आत कच्चं राहतं.

भरितासाठी भोपळा पाण्यात शिजवू नका, वाफवा. भोपळा गार झाल्यावरच दही कालवा, नाहीतर ते फुटतं. भाजीला मेथीदाण्याची फोडणी, झाकणावर पाणी, आणि ढवळणं अगदी कमी. पिकल्या भोपळ्याची साल काढायची सक्ती नाही. फोडी सालीनेच आकार धरतात.

कापलेला भोपळा फ्रीजमध्ये ठेवताना आधी मधला तंतूंचा भाग आणि बिया काढा, कारण नासायला तिथून सुरुवात होते. बिया वाळवून सोलल्या की चटणीला होतात.

आणि फोड शिजवण्याआधी चाखून बघा. कडू लागली तर गूळ घालून सुधारायच्या भानगडीत पडू नका. कडूपणा असतो कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा, तो शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब होऊ शकतात. अख्खं फळ टाकून द्या, त्याचं बीही पेरायला ठेवू नका.