मराठवाड्यात बदली झालीय? मग गिझरचा रॉड एकदा बघून घ्या

इकडे बदली झाली की नवीन माणूस फोन करून पहिलं विचारतो, "पाणी किती दिवसांनी येतं?" विचारायलाच हवं. पण पाणी कुठून येतं हेही त्याच दमात विचारा. तुमच्या बाथरूममधला गिझर किती वर्षं टिकणार, हे त्या दुसऱ्या उत्तरावर आणि टाकीला गंजापासून वाचवणाऱ्या आतल्या मॅग्नेशियमच्या रॉडवर ठरतं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. नोकरीने आधी संभाजीनगरला आणलं, मग लातूरला, आणि आता इथलाच झालोय. पोरं घरात "काय करायलास?" असं विचारतात आणि गावाकडची आजी हसते. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, साबण एकदा लावला की निघता निघत नाही. इथे पहिल्या अंघोळीलाच उलटा अनुभव येतो. साबण घासत राहायचं आणि फेस मात्र येत नाही.

धरणाचं पाणी तसं बरं असतं. संभाजीनगरला जायकवाडीच्या नाथसागराचं, लातूरला मांजरा धरणाचं, नांदेडला विष्णुपुरीचं. पण नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून बहुतेक सोसायट्यांत खाली हौद आणि शेजारी बोअर असतो. नळाचं संपलं की बोअर चालू होतो, बोअर आटला की टँकर येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. टंचाईच्या वर्षी टँकर कुठल्या विहिरीवर भरलाय हे कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही. इथला खडक काळा, बेसाल्टचा. त्याच्या भेगांतून मुरत जाताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. खोल बोअरचं पाणी बहुतेकदा जड लागतं ते यामुळे.

पाणी जड आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेते, तोटीच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, बादलीच्या आत पाण्याच्या पातळीची रेघ उमटते. तरी आकडा हवा असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा पेन घ्या, स्वस्तात मिळतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरलाय आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलाय. कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, मर्यादा तशीच, २०० आणि ६००. पेन फक्त एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा नाही. तो हवा असेल तर जिल्ह्याच्या गावी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. गिझरच्या दृष्टीने दोन्ही आकडे कामाचे आहेत, पण वेगवेगळ्या कारणांसाठी.

पंधरा किंवा पंचवीस लिटरच्या साठवणीच्या गिझरची टाकी बहुतेकदा साध्या पोलादाची असते आणि आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. तो मुलामा कधीच शंभर टक्के सलग नसतो. सांध्यापाशी, कडेला बारीक छिद्रं राहतात आणि तिथून गंज सुरू होतो. म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते, तोच अॅनोड रॉड. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा कितीतरी लवकर झिजतं. पाण्यात दोन्ही एकमेकांना जोडलेले असले की झीज मॅग्नेशियमच्या वाट्याला येते आणि लोखंड वाचतं. ही युक्ती जुनी आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले होते. पत्रा वाचला, पण तांबं विरघळायचं थांबल्यामुळे जहाजांच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटायला लागलं आणि आरमाराने तो नाद सोडला. गिझरमध्ये ती भानगड नाही.

आता आपल्या पाण्याचं काय? पाण्यात क्षार जास्त असले की वीज त्यातून सहज वाहते आणि रॉड भराभर झिजतो. म्हणजे टीडीएसचा आकडा रॉडचं आयुष्य सांगतो. कठीणपणाचा आकडा सांगतो की पाणी तापवणाऱ्या कॉइलवर चुना किती बसणार. चुना बसला की गिझर तापताना कडकड आवाज करतो, वेळ जास्त घेतो, बिल वाढतं आणि शेवटी कॉइल जळते. कॉइल नवीन बसवता येते. टाकीला भोक पडलं तर मात्र गिझर भंगारात जातो, वेल्डिंग केलं तर आतला मुलामा जळून दुसरीकडे भोक पडतं.

बरेच जण यावर उपाय म्हणून सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्र, बसवतात. चुना थांबतो, केसांनाही बरं वाटतं. पण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, एकूण क्षार कमी करत नाही. उलट त्या पाण्यात रॉड आणखी लवकर संपतो. सॉफ्टनर बसवलाय म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाने तर रॉड जास्त वेळा बघायला हवा. सॉफ्टनर विकणारा हे सांगत नाही.

किती दिवसांनी बघायचा? कंपन्या साधारण वर्षातून एकदा म्हणतात. नळाचंच पाणी असेल तर तेवढं पुरे. बोअरवर असाल तर पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी एकदा उघडा. तेवढ्यात किती झिजला ते पाहिलं की पुढचा हिशोब तुमचा तुम्हालाच लावता येतो. ठरावीक वेळ म्हणाल तर दसरा ते दिवाळी. मार्चपासून इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं तापतं की दुपारी नळाखाली हात धरवत नाही, गिझरची आठवणही येत नाही. पण स्विच बंद असला तरी टाकीत पाणी असतंच आणि रॉड झिजतच राहतो. मग नरक चतुर्दशीच्या पहाटे, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, उटणं लावून बसल्यावर गिझरखाली थेंब दिसतो. त्या दिवशी मिस्त्री फोन उचलत नाही.

महिनोन् महिने बंद असलेला गिझर चालू करण्याआधी गरम पाण्याचा नळ थोडा वेळ सोडून ठेवा. रॉड झिजताना हायड्रोजन तयार होतो आणि साचलेल्या टाकीत तो वर जमतो. नळातून हवा फुसफुसते ती बहुतेकदा तीच. त्या वेळी बाथरूममध्ये काडी, उदबत्ती, सिगारेट काही पेटलेलं नको.

रॉड काढायचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण स्वतः शेजारी उभे राहा. मी लातूरला नवीन गेलो तेव्हा बोलावलेला पोरगा स्टुलावर चढून म्हणाला, "सर, चांगला तापायलाय की. कामून खोलायलाव?" मी म्हटलं, "भाऊ, उघड तर खरं." त्याने आधी स्विच बंद केला, मी एमसीबी पाडायला लावला. इथल्या जुन्या घरांत स्विचवर न्यूट्रल आणि फेज उलटे जोडलेले सापडतात, तेव्हा नुसता स्विच बंद केल्याने वायर मेली असं समजायचं नाही. टेस्टर लावून बघायचंच. मग खालून येणाऱ्या थंड पाण्याचा कॉक बंद केला आणि गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी थोडं येऊन थांबलं. इथे बरेच जण टाकी रिकामी झाली समजतात. गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून निघतं, त्यामुळे नळ थांबला तरी जवळजवळ सगळं पाणी आतच असतं. थंड पाण्याच्या बाजूचा पाइप आणि त्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवला, गरम नळ हवेसाठी उघडा ठेवला, तेव्हा कुठे दोन बादल्या भरल्या. शेवटचं पाणी पिठासारखं पांढरं होतं.

खालचं झाकण काढल्यावर त्याने वायरींचा मोबाइलवर फोटो काढला, ही त्याची सवय मला आवडली. कॉइल आणि रॉड ज्या चकतीवर बसवलेले असतात त्या फ्लँजचे नट सैल करताच राहिलेलं पाणी आणि चुन्याचे पापुद्रे खाली पडले. फ्लँज बाहेर आली तेव्हा कॉइलवर शेवेच्या जाडीचा पांढरा थर होता. शेजारी जिथे बोटाएवढी कांडी असायला हवी तिथे एक बारीक तार लोंबत होती आणि तिच्या बुडाशी मॅग्नेशियमचा खडबडीत गोळा उरला होता. पोरगा म्हणाला, "ह्यात तर कायच राहिलं नाही की ओ!"

ती तार म्हणजे रॉडच्या पोटातला पोलादी गाभा. तो बराचसा उघडा दिसला किंवा कांडीची जाडी निम्म्यावर आली की रॉड बदलायचा. वर्ष झालं तरी रॉड नव्याइतकाच जाड दिसला तर मात्र खुश होऊ नका. कदाचित त्याचा टाकीशी विजेचा संपर्कच नाही, नाहीतर चुन्याचा थर बसून तो झाकला गेलाय. दोन्ही बाबतीत काम करत नाहीये. चुना खरवडून, पेच घासून पुन्हा घट्ट बसवा.

जुना रॉड दुकानात घेऊन जा. लांबी, जाडी आणि पेचाचा आटा जुळायला हवा. कॉइलला टेकेल किंवा टाकीच्या छताला लागेल असा घेऊ नका. दुकानदाराला नुसतं 'रॉड' म्हणालात तर तो पाणी तापवायचा रॉड काढून देतो, म्हणून मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असं सांगा. लातूरला गंजगोलाईच्या आसपास, संभाजीनगरला गुलमंडीकडे फिरलात की मिळून जातो, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मागवायचा. काहीशे रुपयांचा खर्च आहे. रबरी गॅस्केट त्याच खेपेला नवीन घ्या, जुनी पुन्हा बसवली की हमखास गळते.

कॉइल साफ करायला मिस्त्री बाथरूम धुवायचं ॲसिड मागेल. देऊ नका. एका शेजाऱ्यांकडे अशीच कॉइल चकाचक करून गेले आणि महिन्याभरात तिला बारीक छिद्र पडून गिझरला शॉक यायला लागला. कोमट पाण्यात लिंबूसत्व किंवा व्हिनेगर टाकून तासभर बुडवून ठेवली की थर आपोआप सुटतो. टाकीवर हातोडी मारून चुना पाडणाऱ्यालाही थांबवा, आतला मुलामा तडकतो.

परत बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. मग थंड पाण्याचा कॉक उघडून गरम नळातून सलग धार येईपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतरच एमसीबी वर करायचा. रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटांत जळते. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या मधे ठेवा. त्याच्या वर नेलं की चुना जास्त बसतो. आणि मिस्त्री आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या. इथली जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक होते आणि जुन्या घराचा अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं पाणी न पाहिलेला असतो. विजेची गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवलात तर आणखी चांगलं.

गरम पाण्याला कुजक्या अंड्याचा वास आला तर गिझर बिघडला नाही. बोअरच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू मॅग्नेशियमच्या सोबतीने तो वायू तयार करतात. टाकी रिकामी करून धुवा आणि एकदा पूर्ण तापवा. तरीही वास परत परत आला तर ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड मिळतो तो लावा. गरम पाणी तांबूस आणि थंड स्वच्छ, असं दिसलं तर मात्र टाकी आतून गंजायला लागलीय, तिथे नवा रॉड फार काही करू शकत नाही.

सगळ्याच गिझरमध्ये रॉड असतो असं नाही. तीन लिटरच्या बऱ्याच इन्स्टंट गिझरमध्ये नसतो, प्लास्टिकच्या टाकीला तर लागतच नाही. गच्चीवर सोलर असेल तर टाकी कशाची आहे ते विचारा. मुलाम्याची असेल तर तिलाही रॉड असतो आणि तो कोणी कधी बघत नाही, कारण गच्चीवर चढायचा कंटाळा. स्टेनलेसची असेल तरी खाऱ्या बोअरच्या पाण्यात तिच्या वेल्डिंगपाशी भोकं पडतात, तेव्हा सोलरला शक्यतो नळाचं पाणी जोडा.

भाड्याने राहणार असाल तर करार करतानाच घरमालकांशी बोलून घ्या. "काका, गिझर कधी उघडला होता?" एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "बसवल्यापासून हातच लावला नाही, काही प्रॉब्लेमच नाही बघा." म्हणजे रॉड संपलेला समजा. राहायला येण्याआधी तो बदलून घ्यायचा आणि पैसे डिपॉझिटमध्ये धरायचे असं ठरवा. इकडचे लोक मोकळे आहेत, नीट बोललं तर नाही म्हणत नाहीत. टाकीची वॉरंटी चालू असेल तर कार्ड मागून घ्या, कारण काही कंपन्या पाण्याचा कठीणपणा आणि रॉड वेळेवर बदलल्याची अट घालतात. रॉडचं बिल कार्डासोबत ठेवा आणि बदलल्याची तारीख मार्करने गिझरच्या अंगावरच लिहून टाका.