वाचा, भाषा, श्रवण : भरवशाचं संशोधन शोधायचं कसं?

पक्षाघातातून माणूस वाचला, पण बोलणं गेलं. डॉक्टर सांगतात, स्पीच थेरपी सुरू करा. घरचे विचारतात, आठवड्यातून किती वेळा? हाच प्रश्न बीएएसएलपीच्या (वाचा-श्रवण उपचारांच्या पदवीच्या) विद्यार्थ्याला क्लिनिकच्या पोस्टिंगमध्ये पडतो, आणि एमएएसएलपीला, म्हणजे त्यातल्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, डिझर्टेशनचा विषय शोधतानाही तोच समोर येतो. सगळे मोबाइल काढून गूगल करतात आणि सगळ्यांना आधी दिसतात त्या क्लिनिकच्या जाहिराती.

या विषयातलं चांगलं संशोधन बरंचसं फुकट वाचता येतं. फक्त ते कुठे आणि कोणत्या क्रमानं शोधायचं हे ठाऊक हवं. शिवाय ते बहुतांश इंग्रजी बोलणाऱ्यांवर झालेलं असतं, हे एका क्षणासाठीही विसरायचं नाही. खालच्या पायऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, पण पालकांनी आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी पहिल्या तीन वाचल्या तरी त्यांचं काम होईल.

१. प्रश्न कागदावर लिहा

‘ॲफेशियाचा (म्हणजे वाचाघाताचा, मेंदूला इजा होऊन भाषा हरवण्याचा) उपचार’ हा विषय झाला. प्रश्न असा असतो : पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या प्रौढ माणसाला आठवड्यातून जास्त तास थेरपी दिली, तर कमी तासांच्या तुलनेत त्याचं रोजचं बोलणं जास्त सुधारतं का? माणूस कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि सुधारणा कशात मोजायची, असे चार रकाने आखा. आरोग्यशास्त्रात याला पिको म्हणतात. मी विद्यार्थ्यांना पाचवा रकाना आखायला लावते : भाषा. ज्यांच्यावर अभ्यास झाला ते कोणती भाषा बोलत होते आणि तुमचा रुग्ण कोणती बोलतो? हा रकाना सुरुवातीला रिकामा राहिला तरी चालेल, मात्र पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

२. एका आजाराची सगळी नावं गोळा करा

तोतरेपणाला अमेरिकी संशोधक स्टटरिंग म्हणतात, ब्रिटिश स्टॅमरिंग. एकच शब्द टाकलात तर बरंच साहित्य हातचं जातं. मुलांच्या भाषाविकाराच्या बाबतीत तर नावच बदललं. पूर्वी स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट म्हणत. डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं झालेल्या कॅटॅलाइज या तज्ज्ञ-सहमतीच्या प्रकल्पाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसॉर्डर हे नाव रूढ झालं. नव्या नावानं शोधलं तर जुने पेपर सुटतात, जुन्या नावानं शोधलं तर नवे. म्हणून दोन्ही नावं ‘ऑर’नं (इंग्रजीतला ‘किंवा’) जोडून टाका.

पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या मोफत शोधस्थळावर शब्दाच्या मुळानंतर ताऱ्याची खूण दिली की त्या मुळापासून निघणारे सगळे शब्द येतात, आणि दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत टाकले की ते सलग असलेलेच पेपर येतात. पेपरवर मेश नावाचे ठरावीक विषयशब्द लावलेले असतात. एखादा उत्तम पेपर सापडला की त्याच्या पानावर खाली जाऊन हे विषयशब्द पाहा आणि पुढचा शोध त्यांच्यावरून घ्या. यानं कित्येक तासांची बचत होते.

३. वरून खाली उतरा

नवखे थेट गूगल स्कॉलरवर जातात आणि हजारो निकालांत हरवतात. आधी हे बघा, की तुमचा प्रश्न घेऊन कुणी सगळे अभ्यास आधीच एकत्र तपासले आहेत का.

त्यासाठी पहिला थांबा कॉक्रेन लायब्ररी, म्हणजे अशा एकत्रित परीक्षणांचा ऑनलाइन संग्रह. आपल्या प्रश्नावर तिथं २०१६ चं परीक्षण आहे. त्यात पक्षाघातानंतरच्या वाचाघातावरच्या ५७ चाचण्या आणि ३,००२ सहभागी एकत्र तपासले आहेत. थेरपी न घेण्यापेक्षा घेतल्यानं रोजच्या संवादात फायदा होतो, असं त्यातून दिसलं. जास्त तासांची थेरपी उपयोगी ठरू शकते, पण ती मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाणही जास्त होतं. ही दुसरी ओळ कुटुंबाला आवर्जून सांगावी अशी आहे. अंबरनाथहून दादरला रोज रुग्ण आणणाऱ्या मुलीला ती न सांगताही कळलेली असते, हा भाग वेगळा.

एवढ्यावर थांबू नका. पबमेडमध्ये त्या परीक्षणाच्या पानावरची ‘साइटेड बाय’ची यादी उघडा, म्हणजे त्यानंतर काय झालं ते कळतं. २०२२ मध्ये ‘स्ट्रोक’ या जर्नलमध्ये रिलीज नावाच्या गटानं २५ चाचण्यांतल्या ९५९ व्यक्तींची मूळ माहिती एकत्र करून पाहिली. एकूण २० ते ५० तासांच्या थेरपीशी सर्वाधिक सुधारणा जोडलेली दिसली. आठवड्याला एकच तास धरला तर वीस तास व्हायलाच वीस आठवडे लागतात. म्हणजे ‘आठवड्यातून एकदा या, बघू’ याला फारसा आधार नाही, हे तुम्ही आता हातात कागद घेऊन म्हणू शकता.

दुसरा थांबा अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे आशा. १९२५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे एव्हिडन्स मॅप्स (विषयवार लावलेले संशोधनाचे पुरावे) आणि प्रॅक्टिस पोर्टल सदस्य नसतानाही वाचता येतात. पोर्टलवर विषयवार पानं आहेत : लक्षणं, तपासणी, उपचार, आणि प्रत्येक विधानामागचा संदर्भ. परीक्षेच्या अभ्यासालाही ती चांगली. तिसरा थांबा सिडनी विद्यापीठातून सुरू झालेला स्पीचबाइट. इथं वाचा-भाषा उपचारांवरचेच अभ्यास आहेत आणि चाचण्या किती काटेकोर होत्या याचे गुणही दिलेले आहेत. एवढं झाल्यावर सुटे पेपर शोधायला पबमेडवर जा.

पालकांसाठी एक गोष्ट. ऑटिझम असलेल्या मुलासाठी कुणी नवी, महागडी पद्धत सुचवली तर पैसे भरण्याआधी आशाची अधिकृत भूमिका वाचा. फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन (मुलाचा हात धरून टाइप करवणं) आणि रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड (सतत सूचना देत अक्षरांवर बोट ठेववणं) या दोन्हींच्या विरोधात या संस्थेनं २०१८ मध्येच स्पष्ट मत दिलेलं आहे. तसंच न्यू जर्सीत किंवा बंगळुरात राहणाऱ्या मराठी घरांना अजूनही सल्ला मिळतो, ‘मूल उशिरा बोलतंय, मराठी बंद करा.’ दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. प्रॅक्टिस पोर्टलवरचं बहुभाषिक सेवांचं पान छापून घ्या आणि पुढच्या भेटीत बरोबर न्या.

४. पूर्ण पेपर मिळवा

सारांशावरून निष्कर्ष काढणं ही सार्वत्रिक सवय आहे, आणि वाईट आहे. पबमेडवर ‘फ्री फुल टेक्स्ट’ची चाळणी लावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत पबमेड सेंट्रलवर मोफत असते, त्यामुळे आशाच्या जर्नलमधले कित्येक पेपरही तिथं सापडतात. तुमची संस्था सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल उघडतात. खातं कसं उघडायचं ते ग्रंथपालांना विचारा. हे विचारायला जाणारे विद्यार्थी फार थोडे असतात. काहीच जमलं नाही तर लेखकाला तीन ओळींची ईमेल करा. आपला पेपर कुणी मागितला की संशोधकाला बरंच वाटतं.

५. मराठीतलं काम कुठे दडलंय?

पबमेडवर ‘ॲफेशिया’ आणि ‘मराठी’ एकत्र टाकून पाहा. निकाल इतके थोडे येतात की वाटतं, मराठीत काही झालंच नाही. झालंय, पण ते डिझर्टेशनच्या रूपात कपाटात आहे.

पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर मिळतात. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं संकेतस्थळ. मात्र आपल्या क्षेत्रातली मराठी चाचण्या, शब्दसूची, उतारे तयार करण्याची कामं पदव्युत्तर पातळीवर होतात आणि ती शोधगंगेवर सहसा नसतात. म्हणून म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेचं, म्हणजे आपल्या ‘आयिश’चं, डिजिटल भांडार चाळा. १९६५ पासूनची ही संस्था आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांची डिझर्टेशनं ऑनलाइन लावलेली आहेत. कन्नड किंवा हिंदीवरचं कामसुद्धा वाचा, कारण भारतीय भाषेत चाचणी कशी बांधतात हे इंग्रजी पेपरपेक्षा त्यातून जास्त कळतं.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ ची. नायर रुग्णालयाच्या कॉलेजातला वाक्-श्रवण विभाग त्याहून जुना. पुण्यात भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे. अशा ठिकाणी जाताना स्वतःच्या गाइडचं पत्र न्या, आणि शीर्षकात ‘मराठी’ शब्द असलेली डिझर्टेशनं मागा. आयिशचं आणि इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं जर्नल हीही चाळून होऊ द्या. ध्वनींचा प्रश्न असेल तर डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागाकडे वळा. वाचा-उपचारवाले भाषाविज्ञानाच्या वाटेला फारसे जात नाहीत, आणि त्यात तोटा उपचारवाल्यांचाच होतो.

६. वाचताना पाचवा रकाना भरा

नमुना किती मोठा, तुलनेसाठी गट होता का, तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटात हे माहीत होतं का, हे नेहमीचे प्रश्न आहेतच. आपल्या क्षेत्रात एक-दोन व्यक्तींवरचे अभ्यास खूप असतात. त्यांना नाक मुरडू नका. उपचाराआधी पुरेशा वेळा मोजमाप केलं असेल तर त्यांतून बरंच शिकता येतं.

खरी मेख भाषेची. इंग्रजी बोलणारी भाषाविकाराची मुलं भूतकाळाच्या क्रियापदांत अडखळतात, असं पेपरामागून पेपर सांगतात. मराठीत ते जसंच्या तसं शोधायचं कुठे? आपल्याकडे मुलानं आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. शिवाय शाळा-शाळेत, मूल-मुलाला ही सामान्यरूपं. मूल अडखळायच्या जागा इथं वेगळ्या असणार. उच्चारांचंही तसंच : चमच्यातला च आणि चहातला च हे दोन वेगळे ध्वनी एकाच अक्षरानं लिहिले जातात, आणि ळ, ण, भ, ध यांच्यासाठी इंग्रजी चाचणीत जागाच नाही. म्हणून इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर करून गुण काढले, तर त्या गुणांना अर्थ नसतो. याउलट थेरपीचे तास, घरचा सराव, कुटुंबाचा सहभाग यांवरचे निष्कर्ष भाषेला इतके चिकटलेले नसतात. ते बेताबेतानं वापरता येतात. प्रत्येक पेपरच्या नोंदीत हे एका वाक्यात लिहा : यातलं काय माझ्या रुग्णाला लागू, काय नाही. नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. ते मोफत आहे आणि शेवटी संदर्भसूची तेच लावून देतं.

पेपर कुठे छापलाय तेही पाहा. पबमेडमध्ये दिसतो म्हणून तो चांगला, असं नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल भरपूर आहेत, आणि यूजीसीनं मान्य जर्नलची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे पारख आता कॉलेजला आणि तुम्हालाच करायची आहे.

७. स्वतःचा डेटा गोळा करणार असाल तर

आवाजाच्या विश्लेषणाला ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं प्राट हे सॉफ्टवेअर वापरा. ते मोफत आहे. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा. व्हॉट्सॲपवर आलेला आवाज दाबलेला असतो, त्यावरून बारीक मोजमाप करू नये. संभाषणाची लेखी नोंद कशी करायची ते टॉकबँक या संभाषणांच्या ऑनलाइन संग्रहावर शिका. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रायन मॅकव्हिनी यांच्या या प्रकल्पात मुलांच्या भाषेसाठी चाइल्ड्स आणि वाचाघातासाठी ॲफेशियाबँक हे संग्रह आहेत. ॲफेशियाबँक वापरायला परवानगी लागते, म्हणून अर्ज गाइडमार्फत करा.

पहिला सहभागी घेण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवीच. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचा. संमतिपत्र मराठीत हवं, आणि वाचाघात झालेल्या माणसासाठी ते चित्रांसह, सोप्या वाक्यांत करा. उपचाराची चाचणी घेणार असाल तर सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदही आधीच करावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथं मागाहून नोंद घेत नाहीत. नोंदणीला शुल्क नाही, पण त्यांच्या शंकांना उत्तरं देण्यात वेळ जातो, तेव्हा सिनॉप्सिस मंजूर झाला की लगेच खातं उघडा.