लेथ घरी आणलात? आधी बेडचा पीळ काढा

जुना छोटा लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून टूलने कातणारं मशीन) घेताना रंगाकडे बघू नका. कॅरेज (टूल धरून बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब रुळांवर, सरकणारा भाग) चकजवळ (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ) आणून त्याची गिब (सैलपणा काढणारी पट्टी) हाताला किंचित जड लागेल इतकी कसा आणि कॅरेज टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाला जॉबला आधार देणाऱ्या भागाकडे) सरकवा. मध्येच घट्ट अडकलं, तर चकजवळचा बेड झिजलाय. असं मशीन मी स्वस्तातही घेणार नाही, कारण बेड पुन्हा ग्राइंड करण्याचा खर्च मोठा असतो.

चांगला लेथसुद्धा डगमगत्या टेबलावर बोल्टने आवळला, की बेडला पीळ बसतो आणि जॉब टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक) निघतो. गवंड्याच्या पाणसळीने हा पीळ कळत नाही. त्यापेक्षा मशीनकडूनच तपासून घ्या. साधारण २५ मिमी जाडीची सळई चकमध्ये धरा, १०० ते १२५ मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. मधला भाग आधी थोडा उतरवून दोन टोकांना दोन कॉलर (न उतरवलेले जाड पट्टे) सोडा. धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाला) हात न लावता, दोन्हींवरून एकच हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा.

टेलस्टॉककडची कॉलर जाड भरली, तर त्या बाजूच्या, आपल्याकडच्या पायाखाली पातळ शिम (धातूची पट्टी) सरकवा. बारीक भरली तर त्याच बाजूच्या मागच्या पायाखाली. फरक ०.०१ मिमीपर्यंत आला की घरच्या कामाला भरपूर झालं. टेबल लाकडी असेल तर पावसाळ्यात पुन्हा तपासा, लाकूड फुगतं.