पावसाळ्यातला थनैला: इंजेक्शनचं दूध कॅनमध्ये ओतू नका

पाऊस लागला, गोठ्यात चिखल साचला की इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, हातोदकडे थनैला (दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार) डोकं वर काढतो. तेव्हा बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढं पाळा: ज्या जनावराला अँटिबायोटिक दिलं, त्याचं दूध वेगळं काढा आणि वेगळंच टाका.

‘आम्ही थेंबभर पाणी घालत नाही, दुधाच्या तपासणीला का भ्यायचं?’ असं बरेच भाऊ छातीठोकपणे सांगतात. खरंही असतं ते. पण एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2018 च्या सर्वेक्षणात देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, तेव्हा जिवाला घातक भेसळ फक्त 12 नमुन्यांत निघाली. अँटिबायोटिकचे अंश मात्र 77 नमुन्यांत मर्यादेबाहेर होते, आणि त्यात सर्वांत जास्त नमुने आपल्या मध्य प्रदेशातले. 2019 मध्ये मुरैना-भिंडकडे बनावट दुधाचे अड्डे पकडले, नोव्हेंबर 2020 पासून ‘मिलावट से मुक्ति’ अभियान आलं, चलित प्रयोगशाळा फिरू लागल्या. हे हवंच होतं. त्या चोरांपायी प्रामाणिक माणसाचा भाव पडतो. पण अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 21 प्रमाणे औषधाचे अंशही मर्यादेबाहेर चालत नाहीत. तुम्ही मुद्दाम घातलं की नकळत आलं, हे प्रयोगशाळेतल्या अहवालात लिहिलेलं नसतं.

चूक कुठे होते ते सांगतो. म्हशीचा एक सड सुजतो, त्यात अँटिबायोटिकची ट्यूब चढवतात. संध्याकाळी त्या सडाची पिवळी, गाठाळ धार जमिनीवर सोडतात आणि उरलेल्या तीन सडांचं दूध बिनधास्त कॅनमध्ये ओततात. औषध रक्तातून चारही सडांत उतरतं! उकळल्याने जात नाही, बर्फाने जात नाही, दहा जनावरांच्या दुधात मिसळलं तरी तपासणीच्या पट्टीवर दिसू शकतं. एका म्हशीपायी अख्खा कॅन परत आलेली घरं मी पाहिली आहेत. पुढे कित्येक दिवस त्या घरचं दूध संकलन केंद्रावर सगळ्यात शेवटी मोजतात, बंदीची (रोजची बांधलेली) गिऱ्हाइकं तुटतात ती वेगळीच.

किती दिवस थांबायचं? बाटलीवर, ट्यूबच्या खोक्यावर दूध न विकण्याची मुदत छापलेली असते, ती डॉक्टरांकडून वाचून घ्या. छापलेली नसेल तर औषध नियमांप्रमाणे शेवटच्या डोसनंतर दुधासाठी किमान 7 दिवस धरायचे. दुकानदार ‘दोन दिवसांत साफ होतं’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका, नुकसान त्याच्या घरचं होत नाही. जनावर आटवताना (दूध बंद करताना) चढवलेल्या ट्यूबची मुदत याहून मोठी असते, तारीख लिहून ठेवा.

माझा एक ठोकताळा: मुदत संपल्यावर त्या जनावराचं वाटीभर दूध नेहमीच्या विरजणाने लावा. रात्रभरात नीट लागलं नाही तर अजून थांबा. लागलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही, थोडा अंश असला तरी दही लागतं. मुदत ती मुदत.

आणि प्रत्येक सुजेला महागडी ट्यूब लागत नाही. सूज नुकतीच दिसतेय, दुधात रक्त नाही, ताप नाही, तर एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) सांगतं तो लेप करा: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम एकत्र वाटून, थोडा थोडा पाण्यात पातळ करून, कास धुऊन दिवसातून 8-10 वेळा, 5 दिवस लावायचा. दुकानातल्या ‘ताकदीच्या’ पावडरींपेक्षा याचा गुण मला जास्त दिसला आहे. ताप असेल, जनावर खात नसेल तर लेपावर वेळ घालवू नका. 1962 ला फोन करा, फिरतं पशुचिकित्सा पथक येतं. कुठलं औषध लागू पडेल ते दूध तपासून ठरवा म्हणून आग्रह धरा.

रोजची कामं:
- धार काढण्याआधी कास धुऊन कोरड्या फडक्याने पुसणे
- पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढून गाठी आहेत का बघणे
- धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे, अर्धा तास जनावर बसू न देणे (समोर चारा टाका, उभं राहतं)
- आजारी जनावराची धार शेवटी, भांडं वेगळं
- कॅन साबणाने धुतल्यावर भरपूर पाण्याने खळबळणे. राहिलेला फेस तपासणीत डिटर्जंट म्हणून निघतो
- बुरशी लागलेली ढेप न घालणे

औषध सुरू असलेल्या जनावराच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधा. पहाटे अंधारात धार काढणारा दुसराच कुणी असतो. सूनबाई असेल, गडी असेल, त्याला तारीख आठवत नाही, चिंधी दिसते. वेगळं काढलेलं दूध वासरालाही पाजू नका, खड्ड्यात ओता.

नमुना घ्यायला अधिकारी आलेच तर अडवू नका. नमुन्याचे चार भाग तुमच्यासमोर सीलबंद होऊ द्या, नोटीस आणि नमुन्याच्या किमतीची पावती घ्या, आणि त्या दिवशी गोठ्यात कुणाला काय औषध दिलंय याची वही समोर ठेवा.