इन्स्टॉलरचं सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय? आधी टाइमस्टॅम्प बघा

रात्री सगळ्या मशीनवर पाठवलेलं पॅकेज सकाळी जागच्या जागी अडकलेलं असतं आणि लॉगमध्ये सर्टिफिकेटची मुदत संपल्याची ओळ दिसते. अशा वेळी सही (फाईल कुणाची आहे आणि ती बदललेली नाही याची डिजिटल खूण, जी सर्टिफिकेटने केली जाते) तपासणंच बंद करून टाकावं, असा मोह होतो. कृपा करून ते करू नका. त्या एका पॅकेजसाठी उघडलेलं दार पुढे येणाऱ्या प्रत्येक फाईलसाठी उघडं राहतं.

एरर कोड नीट वाचा. विंडोजवर कोडचा शेवट महत्त्वाचा. ८००बी०१०१ म्हणजे सर्टिफिकेट मुदतीच्या आत बसत नाही. ८००बी०१०९ म्हणजे रूट सर्टिफिकेटवर, म्हणजे ज्याच्या आधारावर बाकीची सर्टिफिकेटं साखळीने उभी असतात त्या मूळ सर्टिफिकेटवर, त्या मशीनचा विश्वास नाही. इथे मुदतीचा संबंध नाही, रूट सर्टिफिकेट पोचवावं लागेल. ८००९६०१० दिसला तर थांबाच. फाईलमधला मजकूर सहीशी जुळत नाही, म्हणजे डाउनलोड बिघडलंय किंवा कुणीतरी फाईलमध्ये हात घातलाय.

मशीनची तारीख पाहा. ८००बी०१०१ हा कोड मुदत संपल्यावर येतो, तसाच ती सुरू व्हायच्या आधीही येतो. आम्ही स्वतः बनवलेलं, टाइमस्टॅम्प नसलेलं एक पॅकेज एकदा एकाच मशीनवर नाकारलं जात होतं. पॅकेज तेच, सही तीच. तासभर सर्टिफिकेटची साखळी तपासली आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं: तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. सेल बदलला, वेळ सिंक केली, पॅकेज बसलं.

आता सही उघडून बघा. फाईलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब उघडा. यादीत टाइमस्टॅम्पचा रकाना असतो. तिथे तारीख असेल, तर सही केली तेव्हा सर्टिफिकेट चालू होतं याची साक्ष एका तिसऱ्या सर्व्हरने दिलेली असते, आणि विंडोज सहसा अशी सही मुदत संपल्यावरही मान्य करतं. म्हणजे दोष दुसरीकडे शोधा. वरचा इन्स्टॉलर ठीक असतो, पण त्याच्या पोटातल्या ड्रायव्हरची सही जुनी असते, असंही घडतं. रकान्यात ‘नॉट अव्हेलेबल’ असेल, तर मुदतीबरोबर सहीही संपली. मॅकवर पॅकेज उघडल्यावर इन्स्टॉलरच्या खिडकीत उजवीकडे वर कुलूप दिसतं. त्यावर क्लिक केलं की सर्टिफिकेट दिसतं.

दुरुस्ती. पॅकेज बाहेरच्या कंपनीचं असेल तर नवी सही केलेली फाईल त्यांच्याकडूनच घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलच्या जुन्या मॅकओएस इन्स्टॉलरची सर्टिफिकेटं संपली तेव्हा हाच उपाय होता: जपून ठेवलेली प्रत टाकून नवी उतरवायची. घड्याळ मागे नेऊन काम उरकण्याची युक्ती तेव्हा बरीच फिरली. डोमेनमधल्या, म्हणजे ऑफिसच्या एका मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या, मशीनवर ती अंगाशी येते, कारण लॉगिन तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत मूळ सेटिंगमध्ये घड्याळांमधला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही आणि लॉगिनच अडतं.

पॅकेज तुमचंच असेल तर चालू सर्टिफिकेटने पुन्हा सही करा आणि या वेळी टाइमस्टॅम्प सर्व्हरचा पत्ता न विसरता द्या. सगळा घोळ त्या एका विसरलेल्या पत्त्यामुळे होतो. पुन्हा सही केली की फाईलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) बदलतो. मंकी किंवा चॉकलेटी या पॅकेज मशीनवर बसवणाऱ्या साधनांमध्ये जुना हॅश नोंदवलेला असेल तर तोही बदला. नाहीतर सही बरोबर असूनही पॅकेज नाकारलं जाईल. आधी दोन-तीन मशीनवर चालवून पाहा, मग सगळीकडे पाठवा.

१ मार्च २०२६ पासून नव्या कोड सायनिंग सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९ महिन्यांवरून ४६० दिवसांवर आली आहे, त्यामुळे ही वेळ आता लवकर लवकर येणार. साठ्यात पॅकेज ठेवतानाच टाइमस्टॅम्पचा रकाना बघा, आणि तो रिकामा असेल तर सर्टिफिकेट संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.