हातातला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर: शिखर हवेतले की यंत्रातले?

नवा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारे यंत्र, हाती आला की बहुतेक जण लगेच अँटेना जोडतात आणि पडद्यावर उठलेले प्रत्येक शिखर म्हणजे हवेतला एकेक सिग्नल, असे धरून चालतात. प्रत्यक्षात त्यांतली काही शिखरे यंत्राने स्वतःच निर्माण केलेली असतात. ही दोन्ही वेगळी ओळखता येईपर्यंत यंत्र वापरता येते असे म्हणू नये, असे माझे मत आहे, आणि पुढची सारी पद्धत त्याच अंगाने सांगितली आहे.

यंत्र चालू करण्याआधी इनपुटला किती शक्ती सोसते, हे माहितीपत्रकात पाहावे. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट, आणि पुढे प्रत्येक १० डीबीला (डेसिबलला) शक्ती दहा पट होते. या लहान यंत्रांची मर्यादा साधारण १० मिलिवॉटच्या आसपास असते. ५ वॉटचा वॉकीटॉकी ३७ डीबीएम देतो, म्हणजे त्या मर्यादेच्या पाचशे पट. मी एकदा केवळ घाईपोटी असा हँडसेट वायरने थेट इनपुटला जोडून क्षणभर बटण दाबले होते. पडदा उजळलेलाच राहिला, मेनूही चालत होता, पण त्यानंतर ओळखीची स्टेशने कायमची ३० डीबी खाली दिसू लागली. ट्रान्समीटर तपासायचाच असेल, तर मध्ये किमान १० वॉट सोसणारा ४० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, बसवावा. अँटेना जोडताना एसएमए कनेक्टरची, म्हणजे आट्यांच्या छोट्या जोडणीची, फक्त नट फिरवावी, अँटेना पिळू नये. आतली पिन झिजली की मोजमापाचा भरवसा उरत नाही.

टायनीएसए या लहान स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या मूळ मॉडेलला दोन तोंडे आहेत: एक १०० किलोहर्ट्झ ते ३५० मेगाहर्ट्झसाठी, दुसरे २४० ते ९६० मेगाहर्ट्झसाठी. मेनूत निवडलेले तोंड आणि अँटेना लावलेले तोंड एकच आहे ना, हे पाहून घ्यावे. यात सर्वांची एकदा तरी फसगत होते.

पहिल्या सरावाला एफएमचा पट्टा उत्तम. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचे टॉवर दिसतील अशा गच्चीवर जावे, दुर्बिणीसारखी उघडणारी अँटेना ७५ सेंटिमीटर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या पाव तरंगलांबीइतकी, ओढावी आणि स्टार्टला ८७.५ व स्टॉपला १०८ मेगाहर्ट्झ भरावे. यंत्र चार्जरला जोडलेले असल्यास ते काढून बॅटरीवर चालवावे. स्वस्त चार्जरचा गोंगाट किती असतो, हे पाहायचे असेल, तर खालच्या पट्ट्यात १ ते ३० मेगाहर्ट्झ लावून अँटेनाजवळ मोबाइलचा चार्जर न्यावा. कंगव्याच्या दातांसारखी शिखरे उभी राहतात.

एफएमचे एखादे उंच शिखर दिसले की त्यावर मार्कर ठेवून वाचन लिहून घ्यावे आणि मग अ‍ॅटेन्युएशन १० डीबीने वाढवावे. खऱ्या सिग्नलचे वाचन जवळपास तेवढेच राहते, कारण आत केलेली कपात यंत्र हिशेबात धरते. तळाची गोंगाटाची रेषा मात्र तेवढीच वर येते. एखादे शिखर या वेळी झटकन खाली बसले किंवा नाहीसे झाले, तर ते हवेतले नव्हते: जोरदार सिग्नलांनी मिक्सर, म्हणजे सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारा आतला भाग, दबून गेल्यामुळे ते यंत्राच्या आत तयार झाले होते. टॉवरच्या जितके जवळ जावे, तितकी अशी भुते वाढतात. म्हणून अनोळखी शिखराबद्दल ही परीक्षा होईपर्यंत कोणाकडेही तक्रार करू नये.

दुसरी महत्त्वाची कळ म्हणजे रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे यंत्र एका वेळी किती रुंद पट्टा चाळून पाहते ते. एफएमचे स्टेशन साधारण २०० किलोहर्ट्झ रुंद असते, त्यामुळे ३०० किलोहर्ट्झच्या चाळणीतून पाहिल्यास जवळजवळची दोन स्टेशने एकच टेकाड होऊन दिसतात. ती चाळणी ३० वर आणली की टेकाड फुटते आणि गोंगाटाची रेषाही १० डीबीने उतरते, कारण चाळणी एक दशांश झाली की गोंगाटही एक दशांशच आत येतो. अर्थात पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची यंत्राची फेरी बरीच रेंगाळते. वाचनाबरोबर हा आकडा लिहिलेला नसेल, तर दोन दिवसांच्या गोंगाटाची तुलना करता येत नाही.

या साऱ्याचा कस भिलारकडच्या एका स्ट्रॉबेरीच्या शेतात लागला. मल्चिंग पेपरखालचा ओलावा मोजणारे सेन्सर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात माहिती पाठवत होते, पण ती गेटवेपर्यंत, म्हणजे ती गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत, अधूनमधूनच पोहोचत होती. असे सिग्नल क्षणभरच येतात आणि साध्या फेरीत हाती लागत नाहीत. त्यासाठी मॅक्स होल्ड, म्हणजे प्रत्येक ठिकाणचे सर्वांत उंच वाचन पडद्यावर धरून ठेवणारी सोय, चालू करून पंधरा मिनिटे थांबावे लागते. सेन्सरांचे १२५ किलोहर्ट्झ रुंदीचे ठोकळे उमटले, शिवाय त्यांच्या शेजारी आणखी दोन शिखरे दिसली. ८६९ मेगाहर्ट्झपासून पुढे मोबाइल टॉवरचा पट्टा सुरू होतो, त्यामुळे संशय टॉवरवर होता. पण अ‍ॅटेन्युएशन १० डीबीने वाढवताच ती दोन्ही शिखरे गेली. खरा दोष तळाच्या रेषेत होता. गेटवेजवळ ती अपेक्षेपेक्षा वर होती आणि वीस पावले दूर गेल्यावर खाली येत होती. गेटवेच्याच खांबावर बांधलेल्या कॅमेऱ्याचा पुरवठा काढल्याबरोबर रेषा ८ डीबी उतरली. कॅमेरा दुसऱ्या खांबावर हलवला, आणि त्याच संध्याकाळपासून सगळे सेन्सर बोलू लागले.